रुमालाखालचा सौदा : बेसबॉलच्या हिवाळी अफवा कशा जन्मतात आणि कशा वाचाव्यात

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथून एक छोटे खासगी विमान कॅनडातल्या टोरांटोकडे निघाले, आणि बेसबॉलचे असंख्य चाहते हातातली कामे बाजूला ठेवून इंटरनेटवरच्या नकाशावर त्या विमानाचा ठिपका पूर्वेकडे सरकताना पाहू लागले. त्या विमानात शोहेई ओतानी आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. चेंडू फेकण्यात आणि फटकेबाजीत एकाच वेळी अव्वल असलेला हा जपानी खेळाडू त्या वेळी बाजारातला सर्वांत मोलाचा बेसबॉलपटू होता, आणि लॉस एंजेलिस एंजल्स या संघाशी असलेला त्याचा करार नुकताच संपला होता. त्याने टोरांटो ब्लू जेज हा संघ निवडल्याचे एका संकेतस्थळाने छापले. तो टोरांटोच्या वाटेवर असल्याचे मेजर लीग बेसबॉलच्या स्वतःच्या वाहिनीच्या पत्रकाराने सांगितले. ब्लू जेजच्या एका जपानी खेळाडूने मैदानाजवळच्या सुशीच्या उपाहारगृहात पन्नासेक जणांसाठी जागा राखून ठेवली आहे, अशी कुजबुजही पसरली. विमान उतरले, तेव्हा त्यातून कॅनडातले उद्योजक आणि दूरचित्रवाणीवर गाजलेले गुंतवणूकदार रॉबर्ट हर्जावेक बाहेर आले. ओतानी कॅलिफोर्नियातच होता. दुसऱ्या दिवशी त्याने इन्स्टाग्रामवर जाहीर केले की तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळणार आहे. करार दहा वर्षांचा आणि ७० कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५,८०० कोटी रुपयांचा होता.

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा खेळ बहुधा मुलांमुळे घरात आल्यावर कळतो. सामना समजायला फार दिवस लागत नाहीत. कोड्यात टाकतो तो हिवाळा. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत एकही सामना होत नाही, तरी रोज बातम्या येतात : अमका येणार, तमका जाणार, बोलणी अंतिम टप्प्यात, बोलणी फिसकटली. यांतल्या बहुतेक बातम्या खऱ्या ठरत नाहीत, म्हणून पत्रकार खोटे बोलतात असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात. माझे मत वेगळे आहे. या अफवा त्या बाजाराच्या रचनेतूनच जन्म घेतात, आणि ती रचना समजली की कोणत्या बातमीला किती वजन द्यायचे हे बऱ्याच अंशी आपले आपल्याला ठरवता येते.

खेळाडू बाजारात येतो कसा

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत. त्यांतले एकोणतीस अमेरिकेतले आणि एक, ब्लू जेज, कॅनडातला. मॉन्ट्रियलचा संघ २००४ च्या हंगामानंतर वॉशिंग्टनला हलल्यापासून संपूर्ण कॅनडाचा असा हा एकच संघ उरला आहे.

एके काळी खेळाडूला बाजार नावाची गोष्टच ठाऊक नव्हती. करारातल्या एका राखीव कलमामुळे संघ खेळाडूला वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवू शकत असे. संघ त्याला विकू शके, पण तो स्वतः सोडून जाऊ शकत नसे. १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या, बाजूने निकाल दिला आणि ही वेठ संपली. त्यानंतर संघ आणि खेळाडूंची संघटना यांच्यात सामूहिक करार होत गेले आणि आजची व्यवस्था तयार झाली. मेजर लीगमध्ये साधारण पहिली तीन वर्षे खेळाडूला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात; पुढची तीन वर्षे तो वेतनासाठी लवादाकडे जाऊ शकतो; आणि सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली, चालू करार संपला, की तो मुक्त होतो. अशा खेळाडूला ‘फ्री एजंट’ म्हणतात. आपण त्याला मुक्त खेळाडू म्हणू.

बाजाराचा दुसरा दरवाजा अदलाबदलीचा, म्हणजे ‘ट्रेड’चा. यात करारात असलेला खेळाडू एक संघ दुसऱ्याला देतो आणि बदल्यात दुसरे खेळाडू घेतो. तिसरा दरवाजा जपान आणि कोरियातून येणाऱ्यांचा आहे. तिथला संघ आपल्या खेळाडूला ठरावीक मुदतीसाठी अमेरिकी संघांपुढे खुला करतो, आणि करार झाला तर त्या जुन्या संघालाही मोबदला मिळतो. ही रक्कम लहान नसते. डॉजर्सने योशिनोबु यामामोतोशी ३२.५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा त्याच्या जपानी संघाला सूत्रानुसार पाच कोटी डॉलरहून थोडे अधिक मिळाले.

इथे लिलाव होत नाही

मराठी वाचकाला खेळाडूंचा बाजार म्हटले की आयपीएलचा लिलाव आठवतो. हातोडा, पाटी वर करणारे मालक, पडद्यावर चढत जाणारा आकडा. तिथे अफवेला लिलावापूर्वी जागा असते, पण बोली सुरू झाल्यावर किंमत सर्वांसमोर ठरते. बेसबॉलमध्ये असे काहीही होत नाही. मुक्त खेळाडूला सही करण्यासाठी कोणती अंतिम तारीख नसते, वेतनाला कमाल मर्यादा नसते, आणि कोणत्या संघाने किती देऊ केले हे कोणालाही अधिकृतपणे कळत नाही. तीस संघ आणि खेळाडूच्या वतीने बोलणारा एक एजंट स्वतंत्र खोल्यांत बसून बोलत राहतात.

याला आपल्याकडची खरी उपमा जुन्या बाजारातली आहे. गुरांच्या बाजारात आणि काही बाजारपेठांत पूर्वी हत्ता पद्धतीने सौदा होत असे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालत, बोटे धरून आकडा सांगत, आणि भोवती उभ्या असलेल्यांना तो कधीच दिसत नसे. लोक मग चेहरे वाचत. घेणाऱ्याने मान हलवली, विकणाऱ्याने हात मागे घेतला, बाजूला उभ्या असलेल्या दलालाने कोणाच्या तरी कानात काही सांगितले, यांवरून भावाचा अंदाज बांधला जाई. बेसबॉलमधली अफवा हे असेच चेहऱ्याचे वाचन आहे. किंमत झाकलेली असते, म्हणून तिच्या सावल्यांना मोल येते.

हा रुमाल कोणाच्या लहरीमुळे पडलेला नाही, आणि हा भाग सहसा कोणी समजावून सांगत नाही. १९८५ ते १९८७ या काळात संघमालकांनी मुक्त खेळाडूंना चढ्या किमती द्यायच्या नाहीत असे संगनमत केले. शेवटच्या टप्प्यात तर त्यांनी एकमेकांचे देकार कळावेत म्हणून एक सामाईक ‘माहिती पेढी’ चालवली, ज्यात कोणी कोणाला किती देऊ केले याची नोंद होत असे. शेजाऱ्याने दहा रुपये देऊ केले आहेत हे कळले, तर कोणीही पंधरा देणार नाही. लवादांनी हा सगळा सामूहिक कराराचा भंग ठरवला आणि १९९० मध्ये मालकांना खेळाडूंना २८ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. तेव्हापासून संघांनी एकमेकांशी देकारांची देवाणघेवाण करणे हा त्या कराराचा गंभीर भंग मानला जातो. सह्या न झालेल्या मुक्त खेळाडूच्या मोलाबद्दल जाहीर विधाने करण्यावरही सामूहिक करारात निर्बंध आहेत. म्हणजे नियमाने तोंड बंद केले आहे, आणि माहितीची गरज मात्र पूर्वीइतकीच तीव्र आहे. निनावी सूत्रांच्या बातम्या या फटीतून येतात.

मग बातमी बाहेर सोडतो कोण

हिवाळ्यातल्या या चर्चांना अमेरिकेत ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. गावातल्या दुकानात पेटत्या शेगडीभोवती बसून लोक बेसबॉलच्या गप्पा मारत, त्यावरून हे नाव पडले. आपली शेकोटी तीच. आता फरक एवढा आहे की शेकोटीत लाकूड टाकणाऱ्यांना आपापला हेतू असतो.

पहिला हेतू एजंटाचा. पुण्यात किंवा ठाण्यात सदनिका घ्यायला गेलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. दलाल सांगतो, “काल एक पार्टी बघून गेली, टोकन द्यायला तयार आहे.” ती पार्टी खरी असेल किंवा नसेल, तुमच्या मनात मात्र लगेच दोन लाख वाढतात. बेसबॉलमध्ये या पार्टीला ‘मिस्टरी टीम’, म्हणजे गूढ संघ, असे नावच पडले आहे. “नाव न सांगितलेला आणखी एक संघ स्पर्धेत आहे” हे वाक्य दर हिवाळ्यात येते. कधी तो संघ खरोखर असतो आणि खेळाडूला घेऊनही जातो, म्हणूनच ही युक्ती आजही चालते.

दुसरा हेतू संघाचा. आम्ही मोठ्या खेळाडूसाठी प्रयत्न करत आहोत हे चाहत्यांना कळले, तर हंगामी तिकिटांच्या विक्रीला मदत होते. प्रतिस्पर्ध्याला जास्त पैसे मोजायला लावणे, किंवा आपल्याच खेळाडूच्या एजंटाला ‘आमच्याकडे पर्याय आहे’ असा इशारा देणे, हेही हेतू असतात. अदलाबदलीच्या बोलण्यांत तर एखाद्या खेळाडूचे नाव बाहेर सोडून बाकीचे संघ त्याला काय मोल देतात, हे चाचपून पाहिले जाते.

तिसरा हेतू पत्रकाराचा असतो आणि तो सरळ आहे : बातमी सर्वांआधी देणे. मोठ्या पत्रकारांचे एजंटांशी आणि संघांशी अनेक वर्षांचे संबंध असतात. आज तुम्ही मला एक गोष्ट सांगितली, तर उद्या मी तुमची बाजू नीट मांडेन, अशी अलिखित देवाणघेवाण त्यात येते. यात भ्रष्टाचार असतोच असे नाही. पण वाचताना ही बातमी बाहेर आल्याने कोणाचा हात बळकट झाला, हा प्रश्न मनात ठेवणे उपयोगी पडते.

डिसेंबरच्या सुरुवातीला सर्व संघांचे अधिकारी, एजंट आणि पत्रकार एकाच हॉटेलात जमतात. या ‘विंटर मीटिंग्ज’ २०२३ मध्ये नॅशव्हिलमध्ये भरल्या होत्या. तिथे घडलेला एक प्रसंग मला या सगळ्या व्यवस्थेचे सार वाटतो. ओतानीच्या गोटाला कमालीची गुप्तता हवी होती. डॉजर्सचे व्यवस्थापक, म्हणजे मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह रॉबर्ट्स यांनी, आपण ओतानीला भेटलो, असे पत्रकारांसमोर उघड सांगितले, तेव्हा त्यांच्याच संघातले लोक चकित झाले. याउलट ब्लू जेजचे महाव्यवस्थापक रॉस ॲटकिन्स नॅशव्हिलला पोहोचलेच नव्हते. ते कोऱ्या भिंतीसमोर बसून व्हिडिओद्वारे पत्रकारांशी बोलले आणि आपण कुठे आहोत हे त्यांनी सांगितले नाही. त्याच दिवशी ओतानी ब्लू जेजच्या फ्लोरिडातल्या डनीडिन येथील सराव केंद्रात आल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. ज्या संघाने मौन पाळले त्याच्याभोवती सर्वांत मोठी अफवा उठली, आणि ज्याच्या व्यवस्थापकाने सर्व सांगून टाकले तिथे खेळाडू गेला. मौनावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

पत्रिका, कांदेपोहे, सुपारी

बातम्यांची भाषा नीट वाचली तर तिच्यात पायऱ्या दिसतात. त्या समजून घेण्यासाठी आपल्याकडच्या ठरवून होणाऱ्या लग्नाइतकी चांगली उपमा मला सापडलेली नाही.

“संघाने चौकशी केली आहे” म्हणजे पत्रिका मागवली. मोठा खेळाडू मुक्त झाला की जवळजवळ प्रत्येक संघ एजंटाला एक फोन करतोच, कारण फोनला पैसे पडत नाहीत. त्यामुळे या वाक्यात बातमी अशी काहीच नसते, आणि तरीही सर्वांत जास्त मथळे याच पायरीवरचे असतात. “खेळाडू आणि संघ यांची भेट झाली” म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम पार पडला. यात दोन्ही बाजूंनी वेळ आणि श्रम घातलेले असतात, म्हणून याला थोडे वजन आहे. “देकार दिला आहे” म्हणजे देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली. इथे वर्षे आणि रक्कम दोन्ही सांगितली असतील तर सूत्र आतले असण्याची शक्यता वाढते, कारण नेमका आकडा मोजक्यांनाच ठाऊक असतो. “करारावर एकमत झाले आहे, वैद्यकीय तपासणी बाकी आहे” म्हणजे सुपारी फुटली.

सुपारी फुटली तरी लग्न लागलेले नसते. कार्लोस कोरेया या खेळाडूच्या बाबतीत २०२२ च्या हिवाळ्यात जे घडले ते कोणी कल्पनेने लिहिले असते तर अतिरंजित वाटले असते. १३ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याच्याशी तेरा वर्षांचा, ३५ कोटी डॉलरचा करार ठरवला. ज्या दिवशी त्याला शहरासमोर उभे करायचे होते, त्याच दिवशी तो कार्यक्रम काही तास आधी लांबणीवर पडला; तपासणीत त्याच्या उजव्या पायाच्या जुन्या शस्त्रक्रियेबद्दल शंका निघाली होती. त्याच रात्री न्यूयॉर्क मेट्सने त्याच्याशी बारा वर्षांचा, ३१.५ कोटींचा करार ठरवला आणि मेट्सचे मालक वृत्तपत्राशी त्याबद्दल आनंदाने बोललेही. मग मेट्सच्या डॉक्टरांनाही तीच शंका आली. जानेवारीत कोरेया परत आपल्या जुन्या मिनेसोटा ट्विन्सकडे गेला, सहा वर्षांसाठी आणि २० कोटी डॉलरला. यात एकाही पत्रकाराने चूक केली नव्हती. प्रत्येक बातमी त्या क्षणी खरी होती.

“पण इतके लोक सांगत होते, मग ते खोटे कसे?”

ओतानीच्या विमानाबद्दल हा प्रश्न टोरांटोमध्ये अनेकांनी विचारला. त्या दिवशी चार निरनिराळ्या गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या : संकेतस्थळाची बातमी, वाहिनीच्या पत्रकाराचे विधान, विमान आणि उपाहारगृह. चार साक्षीदार एकच सांगत असतील तर ते खरे मानायचे, असे आपण व्यवहारात शिकलेलो असतो. मात्र साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हा नियम लागू होतो. इथे एका बातमीमुळे लोक विमान शोधू लागले, विमान सापडल्यामुळे बातमीला बळ आले, आणि दोन्हींमुळे उपाहारगृहाची कुजबुज विश्वसनीय वाटली. चाळीत एका घरातून निघालेली गोष्ट चौथ्या घरातून आपल्याकडे परत आली, तर ती चार घरांनी सांगितली असे होत नाही.

विमान खरेच उडत होते, हेही विसरून चालणार नाही. पुरावा खोटा नव्हता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. दक्षिण कॅलिफोर्नियातून टोरांटोला खासगी विमाने जातच असतात, आणि एरवी त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

वाहिनीच्या त्या पत्रकाराने नंतर जाहीर माफी मागितली. त्याच्या आदल्याच वर्षी, ६ डिसेंबर २०२२ रोजी, न्यूयॉर्क यांकीज संघाचा ॲरन जज सॅन फ्रान्सिस्कोला चालल्याचे एका नामवंत पत्रकाराने लिहिले, घाईत त्याचे नावही चुकीचे लिहिले, आणि काही मिनिटांत ते मागे घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जज यांकीजकडेच राहिला. नऊ वर्षे, ३६ कोटी डॉलर. स्पर्धा आता मिनिटांची झाली आहे. पूर्वी वृत्तपत्र छापायला जाईपर्यंत दुसरा फोन करायला सवड मिळे. ती सवड गेली, आणि तिच्याबरोबर एक गाळणीही गेली.

शब्दांपेक्षा व्यवहार पाहावेत, आणि तरीही सावध राहावे

बोलण्याला पैसे पडत नाहीत, कृतीला पडतात. म्हणून संघाने एखाद्या खेळाडूसाठी काही खर्चिक पाऊल उचलले, तर ते दहा निनावी सूत्रांपेक्षा अधिक सांगते. आयपीएलमधले उदाहरण अनेकांना आठवेल. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी गुजरात टायटन्सने कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिक पांड्याचे नाव होते, आणि अफवा संपली असे वरवर वाटत होते. पण मुंबई इंडियन्सने कॅमेरॉन ग्रीनला बेंगळुरूकडे देऊन मोठी रक्कम मोकळी केली, आणि हार्दिक मुंबईत परतल्याची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली. पैसे कुठे सरकत आहेत हे पाहणाऱ्यांना यादीपेक्षा अधिक कळले होते.

बेसबॉलमध्ये मात्र याच तर्काने टोरांटोला पुन्हा एकदा दुखावले. जपानचा तरुण पिचर रोकी सासाकी २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकी संघांसाठी खुला झाला. तो पंचवीस वर्षांहून लहान असल्याने त्याला मोठा करार देण्याची परवानगी कोणत्याच संघाला नव्हती. परदेशी तरुणांसाठी प्रत्येक संघाला वर्षाला जो मर्यादित निधी मिळतो, त्यातूनच त्याला रक्कम देता येणार होती. १७ जानेवारी २०२५ रोजी ब्लू जेजने क्लीव्हलँड गार्डियन्सकडून असा २० लाख डॉलरचा निधी मिळवला आणि त्यासाठी माइल्स स्ट्रॉ हा खेळाडू त्याच्या शिल्लक करारासह स्वतःकडे घेतला. दुसऱ्याचा बोजा अंगावर घेऊन संघ निधी जमवतो म्हणजे सासाकीने होकार दिला असणार, असा तर्क चाहत्यांनी केला, आणि तो अगदी वाजवी होता. काही तासांनी सासाकीने डॉजर्सची निवड जाहीर केली, ६५ लाख डॉलरच्या रकमेवर. ब्लू जेजच्या पावलाचा खरा अर्थ ‘होकार आला’ असा नव्हता. ‘होकार आला तर हात रिकामा नको’ असा होता. कृतीवरून इच्छा कळते, निकाल कळत नाही. निकाल समोरच्याच्या हातात असतो.

आकड्यांबद्दल थोडेसे

मथळ्यातला आकडा आणि प्रत्यक्ष मोल यांत अंतर असू शकते. ओतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी डॉलर त्याला करार संपल्यानंतर, २०३४ ते २०४३ या दहा वर्षांत, बिनव्याजी मिळणार आहेत. खेळण्याच्या वर्षांत तो वर्षाला फक्त २० लाख घेतो. आज हातात मिळणारे लाख रुपये आणि वीस वर्षांनी मिळणारे लाख रुपये सारखे नसतात, हे मुदत ठेव मोडलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून लीगच्या हिशेबात हा करार वर्षाला ७ कोटींऐवजी सुमारे ४.६ कोटी डॉलरचा धरला जातो. हुआन सोटोने २०२४ च्या डिसेंबरात मेट्सशी केलेला पंधरा वर्षांचा ७६.५ कोटींचा करार यामुळेच वेगळ्या वजनाचा आहे, कारण त्यात पुढे ढकललेली रक्कम नाही.

हा हिशेब करासाठी महत्त्वाचा आहे. वेतनाला कमाल मर्यादा नसली तरी एकूण वेतन ठरावीक पातळीच्या वर गेले की संघाला दंडासारखा कर भरावा लागतो. २०२५ मध्ये ही पातळी २४.१ कोटी डॉलर होती. पहिल्या वर्षी वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के असा तो वाढतो, आणि फार वर गेल्यास अधिभारही लागतो. एखादा संघ या रेषेच्या जवळ असेल आणि तरीही तो तीन मोठे खेळाडू घेणार अशी बातमी आली, तर निदान दोन नावे शोभेची आहेत असे समजायला हरकत नाही.

“यात कोणाचे काय बिघडते?”

मुक्त खेळाडूबद्दलच्या अफवेत खेळाडूकडे सत्ता असते; शेवटचा शब्द त्याचा असतो. अदलाबदलीच्या अफवेत तसे नसते. तिथे ज्याचे नाव घेतले जाते त्याला बहुधा कोणी विचारतही नाही. दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झालेली असतील तरच खेळाडूला नियमाने नकाराधिकार मिळतो. काहींच्या करारात तशी वेगळी अट असते. बाकीच्यांना सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात जावे लागते. मुलांची शाळा, भाड्याचे घर, सगळे मागे राहते.

२९ जुलै २०१५ रोजी मेट्सचा विल्मर फ्लोरेस न्यूयॉर्कमध्ये मैदानावर खेळत असताना, त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदल झाल्याची बातमी प्रेक्षकांच्या मोबाइलवर आली. प्रेक्षकांनी उभे राहून त्याला निरोप देणाऱ्या टाळ्या वाजवल्या, आणि त्यावरून त्याला कळले. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून येऊन ज्या संघात तो वाढला, तो सुटतो आहे असे समजून तो मैदानातच डोळे पुसत राहिला. व्यवहार मात्र वैद्यकीय कारणावरून मोडला. तो गेलाच नाही. दोन दिवसांनी त्याच मैदानावर बाराव्या डावात (सामना एरवी नऊ डावांचा असतो) त्याच्याच होमरनवर, म्हणजे मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यावर, मेट्सने सामना जिंकला. ही हंगामातली गोष्ट आहे, हिवाळ्यातली नव्हे. पण ‘सूत्रांनुसार’ या शब्दामागे एक माणूस उभा असतो, हे दाखवायला मला याहून स्पष्ट प्रसंग ठाऊक नाही.

“मग सरळ लिलाव का करत नाहीत?”

कारण लिलाव खेळाडूची निवड काढून घेतो. आयपीएलमध्ये हातोडा पडला की खेळाडूने त्या शहरात जायचे असते. तिथे हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो, म्हणून ते चालून जाते. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा आहे आणि करार दहा-पंधरा वर्षांचे. कुटुंबासह कुठे आयुष्य काढायचे याचा निर्णय सर्वांत जास्त बोली लावणाऱ्यावर सोडायला खेळाडू तयार होणार नाहीत, आणि होऊही नये. खेळाडूंच्या संघटनेने राखीव कलमाविरुद्ध जो दीर्घ लढा दिला, तो याच हक्कासाठी होता. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे आणि वेतनाला कमाल मर्यादा असावी का, यावर वाद चालूच राहील. तरी खेळाडूला निवडीचा हक्क आहे तोवर रुमालही राहील आणि अफवाही.

टोरांटोत पुढे काय झाले

ओतानी आला नाही, सोटोच्या अंतिम स्पर्धेत असूनही तो आला नाही, सासाकी आला नाही. मोठी नावे टोरांटोशी फक्त मथळ्यांत जोडली जातात, असे तिथले चाहते म्हणू लागले होते. मग एप्रिल २०२५ मध्ये ब्लू जेजने आपल्याच घरचा व्लादिमिर गेरेरो ज्युनियर चौदा वर्षांसाठी, ५० कोटी डॉलरला कायम ठेवला. सासाकीच्या नादात बोजा म्हणून घेतलेला माइल्स स्ट्रॉ बचावासाठी चांगला उपयोगी पडला. आणि त्याच ऑक्टोबरात, १९९३ नंतर प्रथमच, ब्लू जेज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पोहोचले. समोर डॉजर्स होते. म्हणजे ओतानी, यामामोतो आणि सासाकी.

मालिकेआधी ब्लू जेजचे व्यवस्थापक जॉन श्नायडर यांनी हसत ओतानीला आठवण करून दिली की डनीडिनच्या भेटीत नेलेली आमची टोपी आणि तुझ्या कुत्र्यासाठी दिलेले जाकीट परत आण. पहिल्या सामन्यात ब्लू जेजने डॉजर्सचा ११-४ असा पराभव केला. त्या रात्री ब्लू जेजच्या रॉजर्स सेंटर या मैदानात ओतानी फलंदाजीला उभा राहिला, तेव्हा हजारो लोक एका सुरात म्हणत होते की आम्हाला तुझी गरज नाही. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. टोरांटोतच, अकराव्या डावात, डॉजर्सने तो सामना ५-४ असा जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच मुक्त खेळाडूंना सह्या करण्याची मुभा मिळाली आणि ब्लू जेजचे नाव पुन्हा एकेका मोठ्या खेळाडूशी जोडले जाऊ लागले.